खानावळीचं मागीलदार

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाणाऱ्या रस्त्यावर थोड्याथोड्या अंतराने घरगुती खानावळीची पाटी लागते. चवीच्या बाबतीत या पट्ट्याला नाव ठेवायला जागा नाही. वाटपाचं खोबरं नीट भाजलेलं, सोलकढीत आगळाचा आंबटपणा बेताचा, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घातलेली. त्याबद्दल भरभरून लिहिलं गेलंय आणि ते खरंही आहे. मात्र अलीकडे याच पाट्यांवर ‘पर्यावरणपूरक’, ‘इको-फ्रेंडली’, ‘स्थानिक महिलांना रोजगार’ असे शब्द रंगवलेले दिसतात. त्या शब्दांची परीक्षा टेबलावर बसून होत नाही. त्यासाठी मागीलदारी जावं लागतं. मासळी तिथे उतरते, भांडी तिथे घासली जातात, खरकटं तिथून बाहेर पडतं, तळणीचं तेल तिथेच गाळलं जातं किंवा तिथेच ओतलं जातं.

हे परीक्षण त्या मागीलदाराचं आहे. एकेका खानावळीला वेगवेगळे गुण देण्यात फारसा अर्थ नाही, कारण एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे. एकीचं सांडपाणी दुसरीच्या विहिरीला लागतं. म्हणून पट्ट्याचं मिळून बोलू. सगळ्यात जास्त वजन मासळीच्या खरेदीला देऊ, त्यानंतर पाणी आणि खरकटं, आणि ताटं-वाट्या सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी क्रम नेमका उलटा लागलेला दिसतो: कागदी स्ट्रॉ आधी येतात, सांडपाण्याचा विचार कधीतरी नंतर.

छापील दरपत्रकापासून सुरुवात करू. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, बांगडा थाळी, हंगामभर तीच चार नावं. समुद्र काही रोज सुरमई देत नाही, पण दर छापलेला असतो आणि आलेला पर्यटक तीच मागतो. मग मालकापुढे तीन वाटा उरतात. बाहेरच्या बंदरावरून बर्फात आलेली सुरमई घ्यायची, मोठ्या सुरमईच्या तुकड्या पातळ करायच्या, नाहीतर लहान सुरमई आख्खी तळून ताटात ठेवायची. तिसरी वाट मालकाला सोपी पडते, ताटही भरलेलं दिसतं, आणि समुद्राचं सगळ्यात जास्त नुकसान तिच्यातच होतं.

राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. सुरमईला ते ३७० मिमी आहे, पापलेटला १३५ मिमी, बोंबलाला १८० मिमी. पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला तोही त्याच वर्षी. आता ३७० मिमी म्हणजे किती, तर कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या हातापेक्षाही आखूड. सुरमई पहिल्यांदा अंडी धरते ती साधारण ७० सेंमीच्या आसपास. म्हणजे कायद्यात बसणारी सुरमईसुद्धा अजून पोर असू शकते. कायद्याची रेघ ही तळाची रेघ आहे, खानावळीने आपली रेघ तिच्या वर आखली तरच ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द पाटीवर शोभतो.

त्यासाठी खर्च शून्य आहे. मासळी कापायच्या फळीवर एका टोकाला आडवी पट्टी ठोकायची, माशाचं तोंड तिला टेकवायचं, आणि १३५, १८०, ३७० मिमीवर विळ्याने खोल खाच पाडून ठेवायची. रंग दोन दिवसांत धुऊन जातो, खाच राहते. मोजताना शेपटीच्या टोकापर्यंत न जाता बेचक्यापर्यंत मोजलं तर हिशेब कडक बाजूला राहतो. मासळी उतरवून घेणाऱ्या माणसाला एकच सूचना द्यायची: खाचेच्या आतला मासा परत. पहिले आठ दिवस कुरबूर होते. नंतर मासळी देणारीलाच कळतं की या दारात लहान मासा चालत नाही, आणि ती तो आणायचंच सोडते. फळी कुठे ठेवली आहे हे विचारायला गिऱ्हाईकाने संकोच करू नये. जिथे ती आहे तिथे ती अभिमानाने दाखवली जाते.

छापील दरपत्रकाला उपाय काळी पाटी. सकाळी लिलाव उरकून मासळी घरी आली की जे आलं ते लिहायचं, संपलं की पुसायचं. ‘आजची मासळी’ अशी एकच थाळी ठरलेल्या दरात ठेवायची आणि सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी वजनावर, त्या दिवशीच्या भावाने द्यायची. यातून मोठं काम होतं. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याला, येणारी मासळी मिश्र असते. तारली, पेडवे, सौंदाळे, लेपो, कर्ली, गुंजली, रेणवी, मध्येच एखादी इसवण. (सुरमईला इथे इसवणच म्हणतात, पाटीवर दोन्ही नावं लिहिली की पर्यटकाचा गोंधळ होत नाही.) दरपत्रकावरची चार नावं सोडून बाकीच्यांना गिऱ्हाईक नसेल तर रापणकराच्या मेहनतीचा निम्मा माल मातीमोल जातो. ‘आजची मासळी’ थाळी त्या निम्म्या मालाला भाव मिळवून देते. पेडव्याचं सुकं किंवा सौंदाळ्याचं तिखलं खाऊन परत गेलेला माणूस पुढच्या वेळी तेच मागतो. चवीत ते सुरमईच्या तुकडीला कुठेही हार जात नाही.

मासळी कुठल्या जाळ्याची, हेही पाटीवर लिहिता येतं: रापण, गिलनेट, गरी, ट्रॉलर. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. या किनाऱ्यावरचा पारंपरिक मच्छीमार त्या दिव्यांविरुद्ध वर्षानुवर्षं भांडतो आहे. दलालाकडून बर्फाच्या पेटीत आलेला मासा कोणत्या जाळ्यातून आला हे खानावळवाल्याला सांगता येत नाही. रापण संघाकडून किंवा ओळखीच्या होडीकडून थेट घेतलेला सांगता येतो. थेट खरेदीतली मेख पैशात आहे. दलाल मच्छीमाराला हंगामाआधी उचल देतो, डिझेल-जाळ्याला पैसे देतो आणि बदल्यात माल त्याच्याच भावाने बांधून घेतो. खानावळ म्हणते ‘आम्हालाही थेट द्या’, आणि पैसे मात्र पंधरा दिवसांनी. असा व्यवहार टिकत नाही, पहिल्याच महिन्यात होडीवाला पुन्हा दलालाकडे जातो. रोख, त्याच दिवशी, आणि लिलावाच्या भावाहून थोडा चढा, एवढं जमत असेल तरच थेट खरेदीची गोष्ट करावी. आमच्या मते पाटीवरच्या सगळ्या सामाजिक शब्दांपेक्षा हे एक रोख पेमेंट जास्त मोलाचं आहे.

मोरीबद्दल थोडं. मोरीचं मटण ही इथली खासियत, आणि ते बंद करा असं सांगायचा हेतू नाही. पण मोरी म्हणजे शार्क. ती बांगड्यासारखी लाखोंनी अंडी सोडत नाही, तिला मोजकीच पिल्लं होतात आणि मोठं व्हायला वेळ लागतो. रोजच्या दरपत्रकात तिला कायमची जागा देऊ नये. जाळ्यात आली तर त्या दिवशी काळ्या पाटीवर लिहावी.

माशाचं काही वाया जाऊ नये ही गोष्ट इथल्या घरांना शिकवावी लागत नाही, खानावळ झाली की मात्र विसरली जाते. मोठ्या सुरमईचं डोकं, कल्ला आणि मधला काटा मिळून वजनाचा चांगला चौथा हिस्सा जातो. घरात त्याचं तिखलं होतं. पर्यटकाच्या ताटात डोकं द्यायला संकोच वाटतो, म्हणून ते फेकलं जातं. डोक्याचं सार वाटीतून, ‘डोक्याचं सार’ म्हणूनच, थाळीबरोबर द्यावं. ज्याला नको तो सांगेल.

आता तळण. मालवणी पद्धत मुळात तव्याची आहे: थोडं तेल, तांदळाचं पीठ किंवा रवा, मंद आच, बाजू एकदाच उलटायची. गर्दी वाढली की तव्याची जागा कढई घेते आणि प्रश्न सुरू होतात. रव्याचे कण सुटून तळाशी बसतात, करपतात, तेल काळं करतात. दर दोन-तीन घाण्यांनंतर बारीक झाऱ्याने कण काढले, आच १७० ते १८० अंशांच्या दरम्यान ठेवली आणि रात्री तेल कोमट असताना कापडातून गाळलं तर तेच तेल बरंच जास्त टिकतं. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की वाढणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते टाकायचं, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. हातात मोजायचं यंत्र नसेल तर लक्षणं पुरेशी आहेत: फेस बसत नाही, नेहमीच्या आचेवरच धूर निघतो, बोटांना चिकट लागतं. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्याला वापरलेल्या तेलाची नोंद ठेवून ते अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यावं लागतं. घरगुती खानावळ त्या आकड्यात बसत नाही आणि तिथेच पळवाट निघते. तेल स्वस्तात वडापावच्या गाडीवर जातं किंवा गटारात. पाच-सहा खानावळींनी मिळून एका ठिकाणी डबे साठवले तर बायोडिझेलसाठी तेल नेणारी गाडी इतक्या लांब यायला तयार होते. एकट्या डब्यासाठी कुणी येत नाही.

खरकट्यासाठी बायोगॅस हे उत्तर सिंधुदुर्गाला नवं नाही. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने या जिल्ह्यात गोबरगॅस घराघरांत रुजवला, त्यामुळे टाकी बांधणारा गवंडी आणि ती सांभाळणारी बाई दोघंही आसपास सापडतात. पण गोठ्याच्या मागची शेणावरची टाकी आणि खानावळीच्या खरकट्यावरची टाकी यांचा स्वभाव वेगळा. शेण सावकाश आणि समजूतदार असतं. भात, भाकरीचे तुकडे आणि तेलकट कालवण झटकन आंबतं.

हिशेब असा. दिवसाला ३० किलो खरकटं धरू. त्यात तेवढंच पाणी घालून ६० लिटर काला रोज आत जाणार. तो आत साधारण ४० दिवस राहायला हवा, म्हणजे कुजणारा भाग किमान २,४०० लिटरचा. १० किलो खरकट्यातून ढोबळमानाने १ घनमीटर गॅस मिळतो आणि १ घनमीटर गॅस म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम एलपीजी. ३० किलोंवर रोज १,३५० ग्रॅम, म्हणजे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर दर दोन आठवड्यांना एक वाचतो. ‘सगळं स्वयंपाकघर बायोगॅसवर’ असं कुणी विकायला आला तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा. भात शिजवायची एक शेगडी त्यावर चालते, सगळं चालत नाही.

टाक्या बंद पडतात त्या बहुतेक पहिल्या दोन महिन्यांत, आणि कारण जवळजवळ ठरलेलं असतं. सुरुवातीला टाकी शेणाच्या काल्याने भरून दोन-तीन आठवडे तशीच ठेवावी लागते. मग रोज ३-४ किलो खरकटं, आठवड्याला थोडं वाढवत ३० किलोंपर्यंत जायचं. नाताळच्या गर्दीत टाकी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी पातेलंभर उरलेला भात आत गेला की टाकी आंबते. पीएच ६.५ च्या खाली घसरला की मिथेन करणारे जंतू थांबतात. गॅस भरलेला दिसतो पण पेटत नाही, कारण तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, आणि आंबूस-कुजका वास सुटतो. अशा वेळी खरकटं टाकणं चार-पाच दिवस पूर्ण बंद करायचं, शेणाचा काला दोन-तीन बादल्या आत सोडायचा, फारच आंबलं असेल तर मूठभर चुना पाण्यात कालवून. घाबरून टाकी उपसून टाकणं हा सगळ्यात महाग उपाय, आणि बरेच जण तोच करतात.

आत काय घालायचं नाही याची यादी टाकीवरच रंगवून ठेवावी. कोकमाची सालं, लिंबं, कांद्याची टरफलं, करवंट्या, माशाचे काटे, कोळंबीची सालं, कुर्ल्यांची कवचं, तळणीचं तेल. शेगडीही वेगळी लागते. एलपीजीच्या शेगडीचं बारीक भोक बायोगॅसला पुरत नाही, ज्योत फुरफुरते आणि विझते. नळीला उतार देऊन सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवायची, नाहीतर पावसाळ्यात नळीत पाणी साठून गॅस अडतो. आणि शेगडीच्या आधी लोखंडी चुऱ्याने भरलेली बाटली जोडायची, म्हणजे गंधकाचा वायू तिथे अडतो आणि बर्नर सडत नाही. बाहेर पडणारा काला थेट माडांना.

माशाच्या आतड्यांचा आणि खवल्यांचा वास हा या पट्ट्यातला खरा त्रास. कुत्री आणि घारी त्यावरच जमतात. आतडी गॅसच्या टाकीत थोडी चालतात, फार नाहीत. जास्तीची असतील तर गुळाबरोबर मुरवावीत: जेवढी आतडी तेवढाच गूळ वजनाने, प्लास्टिकच्या पिंपात, पिंप दोन तृतीयांशच भरायचा आणि झाकण सैल. घट्ट झाकण लावलं तर आतल्या वायूने पिंप फुगतो, काचेची बरणी तर फुटतेच. २५ ते ३० दिवसांत पातळ, गोडसर वासाचं खत तयार होतं. ते गाळून लिटरभर पाण्याला २ मि.लि. या प्रमाणात भाजीवर फवारता येतं. गूळ कमी घातला की मुरण्याऐवजी कुजतं, आणि मग त्या पिंपाजवळ उभं राहवत नाही.

पाण्यावर थोडं जास्त थांबायला हवं. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. देवबागसारख्या वाळूच्या पट्टीवर तर गोड पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. पंप लावून जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं. आणि याच वाळूत शोषखड्डा खणला की सांडपाणी झर्रकन दिसेनासं होतं, मालकाला वाटतं काम झालं. ते गेलेलं नसतं, गाळलं न जाता खाली उतरलेलं असतं. जांभ्याच्या भेगांमधूनही असंच होतं.

म्हणून भांडी घासायच्या जागेनंतर चरबी अडवणारा हौद हवाच. रचना साधी आहे. तीन कप्प्यांचा सिमेंटचा हौद, मधल्या भिंतींना तळाजवळ मोकळी जागा, आणि बाहेर जाणारी नळी ‘टी’ आकाराची, तिचं तोंड पाण्यात बुडालेलं. तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो, मधलं पाणी पुढे जातं. आकार ठरवताना गर्दीच्या वेळी दर मिनिटाला किती पाणी वाहतं ते बादली लावून मोजायचं. १५ लिटर येत असेल तर ते अर्धा तास थांबेल एवढा, म्हणजे ४५० ते ५०० लिटरचा हौद. वरचा तेलाचा थर आणि खालचा गाळ मिळून खोलीच्या चौथ्या हिश्शाला पोचले की उपसायचं. काठी बुडवून दर आठवड्याला बघितलं की कळतं. बिघडतं ते तीन कारणांनी. ताटं न खरवडता थेट पाण्याखाली धरली जातात. उकळतं पाणी ओतलं जातं, त्याने चरबी वितळून हौद ओलांडते आणि पुढच्या नळीत गार होऊन गोठते. तिसरं कारण सगळ्यात नेहमीचं: हौदाचं झाकण एका माणसाला उचलता येत नाही, म्हणून कुणी उचलतच नाही. झाकण दोन तुकड्यांत, कडी लावून करावं. संडासाचं पाणी या हौदात कधीही सोडू नये, त्याची टाकी वेगळी.

हौदातून निघालेलं पाणी कर्दळ आणि अळूच्या वाफ्यातून फिरवून माडांना सोडावं. सांडपाणी माड-केळीला ही आपली जुनीच रीत. एवढंच बघायचं की मीठ लावलेली मासळी धुतलेलं पाणी केळीला सोसत नाही, माडाला सोसतं. त्या पाण्याची वाट वेगळी काढली की केळी पिवळ्या पडत नाहीत.

ताटांचा विषय लवकर संपतो. राज्यात थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताट-पेल्यांवर २०१८ पासून बंदी आहे, देशभर १ जुलै २०२२ पासून. तेव्हा ती न वापरणं हा मोठेपणा नाही. बसून जेवणाऱ्याला स्टीलचं ताट किंवा केळीचं पान. बांधून द्यायचं असेल तर पोफळीच्या विऱ्यांची ताटं-द्रोण चांगले. मात्र पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, काळे ठिपके दिसले की तो गठ्ठा बाजूला काढायचा. कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. ‘कुजणारं’ असं लिहिलेल्या बऱ्याच पिशव्यांना कुजायला कारखान्यातली उष्णता लागते, परड्यातल्या खड्ड्यात त्या वर्षभर तशाच राहतात. प्यायला तांब्या-भांडं ठेवावं आणि पाणी कसं शुद्ध केलं हे विचारल्यावर सांगता यावं. आरओ बसवला असेल तर त्यातून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरावं, विहिरीच्या आसपास सोडू नये.

‘स्थानिक महिलांना रोजगार’ या शब्दांकडे आता वळू. भाकऱ्या आणि वडे इथल्या बायकाच करतात, ते लिहायची गरज नाही. लिहायचं असेल तर दर लिहा. भाकरी नगावर ठरली आहे की दिवसावर? गर्दी नसलेल्या दिवशी तिला बोलावून परत पाठवतात का? दिवाळी ते मे या सात महिन्यांत आठवड्याची सुट्टी मिळते का? चुलीवरच्या भाकरीला पर्यटक जास्त पैसे देतो, पण त्या चुलीला छपराच्या आढ्याच्या वर जाणारं धुराडं आहे का? करवंट्या आणि नारळाची सोडणं जळण म्हणून उत्तम, धूर मात्र भाकरी थापणारीच्या डोळ्यांत जातो. धुराडं नसलेल्या चुलीवरच्या भाकरीचं कौतुक आम्ही करणार नाही, ती कितीही पातळ आणि मऊ असो.

बचत गटाकडून वड्याचं पीठ, मालवणी मसाला, आमसुलं घेणाऱ्या खानावळी इथे आहेत आणि ती चांगली गोष्ट आहे. फसतं ते वेळेत. मसाल्याच्या मिरच्या वाळवायच्या त्या मार्च-एप्रिलच्या उन्हात. रातांबे पिकतात एप्रिल ते जूनच्या तोंडावर, आणि आमसुलं करायची तर सालं रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, असे पुट द्यावे लागतात. म्हणजे गटाला भांडवल उन्हाळ्यात लागतं आणि खानावळ माल उचलते दिवाळीला. वर्षाच्या मागणीचा आकडा मार्चमध्येच लिहून देऊन निम्मे पैसे आगाऊ दिले तर गटाला ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, कर्जावर व्याज भरत बसावं लागत नाही. आगाऊ न देता घासाघीस करणाऱ्याने बचत गटाचं नाव दरपत्रकावर छापू नये.

उत्तरेला मंडणगड तालुक्यातल्या वेळासला एक वेगळा नमुना बघायला मिळतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणाऱ्यांची राहण्या-जेवण्याची सोय गावातल्या घरांनीच केली. तिथे आदल्या दिवशी माणसं कळवायची, घरात तेवढंच शिजतं. दरपत्रक नाही, निवड नाही, आणि म्हणून उरतही नाही. वाढताना भात आधी कमी आणि मागितला की पुन्हा, एवढी घरची रीत पाळली तरी खरकटं बरंच घटतं. ४० ताटांत प्रत्येकी १०० ग्रॅम उरलं तर दिवसाला ४ किलो, महिन्याला १२० किलो शिजवलेलं अन्न जातं. तारकर्लीच्या खानावळींनी निदान रात्रीच्या जेवणासाठी आगाऊ नोंदणी सुरू करावी. आणि वेळासवरून आणखी एक गोष्ट उचलावी: पिल्लं उजेडाकडे वळतात, म्हणून किनाऱ्याकडे तोंड केलेले पांढरे फोकस लावू नयेत. दिवा पिवळा, खाली झाकलेला, आणि जमिनीकडे वळलेला असावा.

राहिला पाऊस. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या दिवसांत ताज्या सुरमईची थाळी मिळाली तर ती कुठून आली हे विचारावं. चांगली खानावळ पाटी बदलते. सुक्या बांगड्याचं किसमूर, गोलम्याची चटणी, सुकट, खाडीतल्या तिसऱ्या, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज, फणसाच्या आठळ्या घातलेली भाजी, टाकळा, कुर्डू. शाकाहारी माणसाला वर्षातलं सगळ्यात चांगलं जेवण या दोन महिन्यांतच मिळतं. दारं पूर्ण बंद ठेवणाऱ्या खानावळीही बऱ्याच आहेत. त्यात गैर काही नाही, फक्त मागीलदारी काम करणाऱ्यांना त्या ६१ दिवसांचा निम्मा पगार देणाऱ्या फार थोड्या. जुलैत या पट्ट्यात जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, माणसं सांगा, आणि पिठीबरोबर भाजलेला सुका बांगडा मागा.